बाबा दुकानांपुढे का थांबायचे

४ फेब्रुवारी

आई,

पत्राच्या सुरुवातीला जे जे लिहायचं असतं ते सगळं लिहिलंय असं धर आणि पुढे वाच. फोनवर हा विषय निघाला की तू रिसीव्हर मावशीच्या हातात देतेस, म्हणून पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू आधी वाचशील आणि मग फाडशील, मला माहीत आहेस तू.

मी घरी आलेय. म्हणजे आपल्या. दार तू उघडशील असं वाटलं होतं, ते बाबांनी उघडलं. हातात उलथणं, आणि इतक्या दिवसांनी दिसलेल्या लेकीला पहिलं वाक्य काय, तर "बूट बाहेर." मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाले, "तुझी आई मावशीकडे आहे." जणू तू साखर उसनी आणायला गेली आहेस.

मालवाहू बोटीवरचं काम सुटलं. सुटलं म्हणजे सोडलं. तिथला आचारी बरा होता, पण त्याला वाटायचं की बटाटा सोलताना बोललं की बटाटा कडू होतो. मी आणि गप्प बसणं, म्हणजे तू समजून घे. त्याच्या आधी खोट्या केसांच्या विगांच्या कारखान्यात होते, तिथली गंमत वेगळी आहे, पण ती पुन्हा कधीतरी. स्वयंपाक मात्र शिकले हं बोटीवर. खोटं वाटेल तुला.

घर स्वच्छ आहे. शाळेच्या पटांगणावर पोरं उभी करावीत तशा बाबांनी ताटल्या उंचीनुसार लावल्यात. सिंकमध्ये एक चमचाही नाही, कारण खायलाच काही नाही. तळलेली अंडी, लोणी थापलेला पाव, टिनातलं खारवलेलं मांस. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मी म्हटलं, "बाबा, भाजी?" तर म्हणाले, "निवृत्त माणसाला काय करायचीय भाजी?" दोन्हींचा संबंध मला लागला नाही.

आता मुद्द्याचं. मावशीने मला सगळं सांगितलंय. बाबा रोज संध्याकाळी वाचनालयात जायला निघतात आणि वाटेत त्या लेसवालीच्या दुकानापुढे उभे राहतात. तू स्वतः मागून जाऊन पाहिलंस. विचारलंस तर म्हणाले, "बघत असतो." काय बघत असता, तर गप्प. मी मावशीला म्हटलं, आईला काहीतरी वाटलं असेल, बाबा आणि लेस, शक्य आहे का? ज्या ड्रिलमास्तरने जन्मभर शिट्टी आणि पांढरे कॅनव्हासचे बूट यापलीकडे काही विकत घेतलं नाही.

काल मीही मागून गेले. उभे होते, आई. काचेत रिबिनी, बटणांच्या पाट्या आणि हातमोजा घातलेला एक प्लास्टरचा हात. त्या हाताकडे असे टक लावून बघत होते, जसं आमच्या कवायतीत चुकलेल्या पोराकडे बघायचे. मग ती बाहेर आली. केसांत पेन्सिल खोचलेली, मोठ्याने हसणारी. "मास्तर, रोज बाहेरूनच का? आत या की." बाबांनी मान हलवली आणि पुढे गेले. लाजल्यासारखे.

तुझं खरं होतं. रात्री जेवताना मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांनाही फरक पडला नाही.

तुझी भिंगरी

---

११ फेब्रुवारी

आई,

मागचं पत्र मावशीच्या शेगडीत घाल. मी गाढव आहे. तूही थोडी आहेस, राग मानू नकोस.

परवा मी पुन्हा त्यांच्या मागे गेले. या वेळी रंगेहाथ पकडायचं आणि चारचौघांत विचारायचं असं ठरवून. रस्ता तुला पाठ आहेच: आपला कोपरा, बेकरी, मग कुलुपवाला, मग लेसवाली, औषधांचं दुकान, ते बंद पडलेलं दुकान, मग वाचनालय. मागच्या वेळी लेसवाली दिसली आणि मी डोकं फिरून घरी परत आले होते. या वेळी शेवटपर्यंत गेले.

लेसवालीपुढे थांबले. ठरल्याप्रमाणे. ती आत गिऱ्हाइकाशी बोलत होती, तिचं लक्षही नव्हतं. बाबांचंही तिच्याकडे नव्हतं. मग निघाले. औषधांच्या दुकानापर्यंत बरे चालले, मग चाल बारीक झाली, मग त्या बंद दुकानापुढे थांबले. आई, त्या दुकानाच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली आहेत. रिकाम्या दुकानात बघण्यासारखं काय असतं? आणि बाबा तिथेही तसेच उभे. हात मागे, मान ताठ, नजर काचेवर. तोच चेहरा, जो प्लास्टरच्या हातापुढे होता.

मी जाऊन शेजारी उभी राहिले. म्हटलं, "काय बघताय?"

"वाचतोय."

"कागद उलटा चिकटवलाय, बाबा."

"म्हणूनच वेळ लागतोय."

मला हसू आलं, आणि तेवढ्यात मी खाली बघितलं. ते एका बुटाच्या टोकाने दुसऱ्या पायाची पोटरी चोळत होते. हळूच, कुणाला दिसू नये असं. मग मला सगळं एकदम दिसलं. परत येताना मी मुद्दाम त्यांच्याबरोबर चालले आणि जरा हळू चालले, तर थांबणं लेसवालीच्याही पुढे गेलं, कुलुपवाल्यापाशी. तिथे ते कुलुपं बघायला लागले. आपल्या दाराला कुलूप आहे की.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"पाय."

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. मग कुलुपवाल्याच्या पायरीवरच बसले. आपले बाबा, रस्त्यावर, पायरीवर. म्हणाले, "चाललं की पोटरी आवळून येते. कुणीतरी पिळतंय असं वाटतं. उभं राहिलं की जातं. पुन्हा चाललं की पुन्हा." मागच्या हिवाळ्यापासून हे चाललंय. म्हणजे तू घरात होतीस तेव्हापासून.

लेसवालीचं दुकान फक्त त्या अंतरावर आहे, आई. घरापासून निघालं की पाय तिथे संपतो. बस. बेकरी थोडी लांब असती तर तू बेकरीवाल्यावर संशय घेतला असतास, आणि तो तर मिशीवाला आहे.

मी म्हटलं, "आणि आईला हे सांगायला काय झालं होतं? ती काय समजून गेलीय ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"बाहेरख्याली म्हणून नाव झालं तर लोक दोन दिवस बोलतात," बाबा म्हणाले. "लंगडा ड्रिलमास्तर म्हणून जन्मभर हसतात. ज्या पोरांना मी धापा टाकल्या म्हणून आणखी एक फेरी मारायला लावली, ती सगळी याच गावात दुकानं चालवतात."

मग माझ्याकडून वचन घेतलं की आईला कळवायचं नाही. मी हो म्हणाले. म्हणून हे पत्र.

भिंगरी

---

२० फेब्रुवारी

आई,

तुझं काहीच आलं नाही. मावशी म्हणते तू पत्र वाचलंस, घडी केलीस आणि कपडे वाळत घालायला गेलीस. ठीक.

बाबांना दवाखान्यात नेलं. कसं नेलं ते विचारू नकोस. माझा दात दुखतोय असं सांगून नेलं. डॉक्टरीणबाई माझ्याहून थोडीच मोठी असेल. तिने बाबांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला आणि मग तोच पट्टा घोट्याला बांधला. बाबा मला म्हणाले, "हिला दंड आणि पाय यातला फरक शिकवला नाही वाटतं." ती हसली नाही. दंडात दाब भरपूर होता आणि घोट्यात फारच कमी. पायाकडे जाणारी रक्ताची नळी आतून चरबी धरून अरुंद झालीय. बसलेल्या पायाला तेवढं रक्त पुरतं. चालणारा पाय जास्त मागतो आणि ते मिळत नाही, म्हणून तो ओरडतो.

"सिगारेट?" तिने विचारलं.

"नाही," बाबा.

"हो," मी. शाळेच्या सामानाच्या खोलीमागे ते ओढायचे हे त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. फक्त तुला आणि त्यांना वाटतं की कुणाला ठाऊक नाही. की तुलाही ठाऊक होतं?

डॉक्टरीणबाईने खुर्ची पुढे ओढली. "मास्तर, सिगारेट आणि पाय, एक निवडा. मी थट्टा करत नाही." मग तिने ते सांगितलं जे मला आत्ता तुला सांगायचं नव्हतं, पण सांगते. बाबांच्या अंगठ्याजवळ एक जखम आहे, बूट चावल्याची, आणि ती भरत नाहीये. भरली नाही तर ऑपरेशन. तेही नाही लागू पडलं तर पुढचं ती बोलली नाही, पण हाताने गुडघ्याखाली एक आडवी रेघ दाखवली. बाबांनी ती बघितली आणि मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. कॅलेंडर निदान सरळ होतं.

आता उपाय ऐक. उपाय आहे चालणं. जखमेचं ड्रेसिंग करून, मऊ बूट घालून, दुखेपर्यंत चालायचं, चांगलं दुखलं की थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. असं आठवड्यातून बऱ्याचदा, उन्हाळाभर. मी म्हटलं, ज्याने दुखतं तेच औषध? ती म्हणाली, पायाला कमी रक्तात काम उरकायला शिकवायचंय, आणि अरुंद नळीच्या आजूबाजूच्या बारीक नळ्यांनाही जरा कामाला लावायचंय. आणि जेवण बदलायचं. मीठ कमी, तळण बंद, टिनातलं मांस बंद. पालेभाज्या, कडधान्यं, ओट्स, मासे, फळं, मूठभर अक्रोड. "माझे जे रुग्ण नीट जेवतात तेच लांब चालतात," ती म्हणाली. "एका चाकावर गाडी जात नाही."

बाबांचा चेहरा बघायला हवा होतास. कुणीतरी त्यांना कवायत दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

भिंगरी

---

१२ मार्च

आई,

बातमी चांगली नाही, पण शेवट बरा आहे, म्हणून पुढे वाच.

ड्रिलमास्तरला औषध दिलं की तो त्याची शिस्त करतो. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, दुखलं की थांबा. बाबांनी ऐकलं फक्त "दुखेपर्यंत". थांबणं त्यांनी वगळलं. "थांबला तो संपला," हे ते पोरांना किती वेळा म्हणाले असतील. मी बरोबर असले की थांबायचे, मी मंडईत गेले की एकटे निघायचे आणि दात आवळून सलग चालायचे.

आणि जेवण. मी मसुराचं सूप करते, पालक घालून, बोटीवरच्या आचाऱ्याच्या पद्धतीने (न बोलता नाही, पण चांगलं होतं). मासा वाफवते. बाबा म्हणायचे, "छान आहे," आणि अर्धी वाटी ठेवायचे. मला वाटलं आवडत नाही. मग कळलं, त्यांनी स्वतःच ठरवलं होतं की पथ्य म्हणजे कमी खाणं, आणि कमी म्हणजे जवळजवळ नाही. सकाळी एक उकडलेला कोबीचा तुकडा. शाळेत जाड्या पोरांना ते हेच सांगायचे. चरबीने नळी बंद झाली ना, मग तिला उपाशी मारू.

परवा दुपारी ते रस्त्यात पडले. लेसवालीच्या दुकानासमोर. मला माफ कर, मी अंतर मोजून दुकान ठेवलं नाहीये.

मी मेथीची जुडी घेऊन परत येत होते आणि समोर घोळका. बाबा फुटपाथवर उताणे, कपाळाला खरचटलेलं, आणि सांगतायत, "काही नाही, बुटाची नाडी बांधत होतो." आडवे होऊन. कुलुपवाला त्यांचा विद्यार्थी निघाला. तो म्हणाला, "मास्तर, नाडी बांधायला तुम्ही आम्हाला एका गुडघ्यावर बसायला शिकवलं होतं, पाठीवर नाही." कुणीतरी हसलं. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस घराबाहेर पडणार नाही. लेसवाली आतून खुर्ची घेऊन आली, साखरेचं पाणी घेऊन आली, आणि तिने त्या सगळ्यांना असं झापलं की घोळका पांगला. कुलुपवाला तेवढा थांबला. तो बाबांच्या शेजारी खाली बसला आणि म्हणाला, "माझ्या बापाचं असंच होतं. तो कधी बोललाच नाही." बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले.

डॉक्टरीणबाईने त्यांना फैलावर घेतलं. "उपाशी माणूस चालेल कसा? स्नायूला खायला नको? आणि थांबा म्हटलं ती नुसती सूचना नव्हती, ते औषधच आहे. अर्धं औषध थांबण्यात आहे." बाबा पोरासारखे खाली मान घालून उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई कडक आहे. चांगली शिकवते."

काल त्यांनी सूप सगळं प्यायलं आणि आणखी मागितलं. आणि संध्याकाळी चालताना दुखलं तेव्हा थांबले. दुकानापुढे नाही. दोन दुकानांच्या मधल्या कोऱ्या भिंतीपाशी, रस्त्याकडे तोंड करून. लोक बघत होते. एक जण म्हणाला, "काय मास्तर, थांबलात?" बाबांचे कान लाल झाले, पण म्हणाले, "पाय दुखतो. आत्ता निघतो."

हे वाक्य त्यांनी तुझ्याऐवजी त्या परक्या माणसाला आधी सांगितलं. मला ते लिहू की नको कळत नव्हतं.

भिंगरी

---

२ एप्रिल

आई,

तुझं पत्र आलं. एकदाचं. पहिली ओळ, "सुपात मीठ किती घालतेस?" ती वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. घालतच नाही. वरून लिंबू पिळते आणि मिरपूड घालते. बाबा पहिल्यांदा म्हणाले पुठ्ठा खातोय असं वाटतंय, आता म्हणतात की बाहेरचं सगळं खारट लागतं.

मग दुसरी ओळ वाचली आणि बसले.

तू लिहिलंस, दुसरी बाई असती तर मी तिच्याशी भांडले असते, जिंकले असते नाहीतर हरले असते. आता कुणाशी भांडू? ज्याच्या पायात गोळा आला की रात्री उठून मी तेल लावायची, त्याने पाय माझ्यापासूनच लपवला. मी घर सोडून आले तरी त्याने तोंड उघडलं नाही. त्याला मी इतकी परकी. दयेपोटी परत येणार नाही म्हणून सांग.

मला वाटलं होतं की लेसवालीचा घोळ मिटला की तू पहिल्या गाडीने येशील. मी किती हुशार. खरं सांगितल्यावर ते आणखीनच अवघड झालं, असं कसं होतं? विगांच्या कारखान्यात एक म्हातारा होता, तो म्हणायचा गाठ सोडवताना ती आधी घट्ट होते. तो केसांबद्दल बोलत होता अर्थात.

मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. होय, वचन मोडलं हेही त्यामुळे उघड झालं. ते मला काही बोलले नाहीत. मी नोकरी सोडून आले की म्हणतात ते "पळपुटी" सुद्धा म्हणाले नाहीत. तेलाच्या ओळीपाशी म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचली. मग उठून चालायला गेले आणि मी यावं असं त्यांना वाटत नव्हतं, म्हणून मी गेले नाही. म्हणजे थोडी मागून गेले.

आणि आई, ते लेसवालीचं दुकान ओलांडून गेले. न थांबता. औषधांचं दुकानही. बंद दुकानाजवळ थांबले, थोडं, आणि पुढे. लेसवाली दारात उभी होती. मला म्हणाली, "बघ, आता वळूनही बघत नाही तुझा बाप. गरज सरो नि वैद्य मरो." आणि पोट धरून हसली. तू तिला भेटशील तेव्हा आवडेल तुला. किंवा नाही आवडणार, पण मजा येईल.

जखमेला खपली धरलीय. डॉक्टरीणबाईने पुन्हा घोट्याला पट्टा बांधला. आकडा जवळपास तोच. बाबांचा चेहरा पडला. ती म्हणाली, "नळी तेवढीच अरुंद आहे, मास्तर. पण पाय शहाणा झालाय. मला आकडा नको, तुम्ही कुठवर जाता ते सांगा." बाबा म्हणाले, "वाचनालयापर्यंत, एकदा थांबून." हे त्यांनी असं सांगितलं जसं कुणी पदक दाखवतं.

त्या दिवसापासून ते तुला पत्र लिहायला बसतात. मी चोरून बघितलं नाही, पण चुरगळलेले कागद टोपलीत होते आणि मी टोपली रिकामी करतेच. एकात लिहिलं होतं, "कळवण्यास कारण की." एवढंच. दुसऱ्यात फक्त तुझं नाव. शेवटी म्हणाले, "हे लिहून होणार नाही. जावं लागेल."

मी म्हटलं, "मावशीचं घर चढावर आहे."

"माहीत आहे."

"चांगलाच चढ आहे, बाबा. बस खालीच थांबते. पोटरीला चढ म्हणजे—"

"मला पोटरी शिकवू नकोस."

आता रोज ते पाण्याच्या टाकीपाशी जातात, तिथे तो उतार आहे ना, त्यावर. चढतात, दुखतं, थांबतात, चढतात. टाकीचा रखवालदार त्यांना आता ओळखतो आणि स्वतःच्या गुडघ्याची कहाणी सांगतो. मी तुला विचारत नाहीये की ते आले तर चालेल का. तू नाही म्हणशील, म्हणून.

भिंगरी

---

१९ मे
चढाच्या पायथ्याशी, बसस्टॉपसमोरच्या खानावळीत

आई,

ही चिठ्ठी तुला खानावळवाला आणून देईल. तो मावशीकडे रोज दूध घेऊन येतो, मी त्याला पटवलंय.

आम्ही आत्ताच्या बसने आलो. मी वर येणार नाही. बाबा म्हणाले, "तू खाली थांब." मी म्हटलं, "पडलात तर?" ते म्हणाले, "पडलो तर तुझी आई वर आहे." मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे असेल तर." डबा त्यांच्या पिशवीत आहे. घेवड्याची उसळ, ओट्सचे लाडू म्हणता येतील असे गोळे, अक्रोड. तुला चव दाखवायला म्हणून त्यांनी आणलाय. स्वतःसाठीही, कारण मावशी सगळं तळते.

खिडकीतून सगळा चढ दिसतो. मला नीट लिहायचं होतं तुला, शेवटचं असं काहीतरी, पण मला इथून दुसरीकडे बघता येत नाहीये, त्यामुळे जे दिसतंय तेच लिहिते.

निघाले. छत्री काठीसारखी धरलीय, पण टेकत नाहीत. न्हाव्याचं दुकान गेलं. लोखंडी फाटकवालं घर गेलं. आता चाल बारीक होतेय. टाकीच्या उतारापेक्षा हे फार वाईट आहे, मला इथून कळतंय.

थांबले. तिथे दुकान नाही, आई. बघायला काहीच नाही, फक्त लांबलचक भिंत. एक सायकलवाला काहीतरी बोलला, बाबांनी हात हलवला. पुन्हा निघाले.

खानावळवाला विचारतोय, आणखी काही हवंय का. मी म्हटलं नाही. तो म्हणतोय, "तुमचे वडील थकलेत, रिक्षा बोलावू?" मी म्हटलं, नको, ते औषध घेतायत. तो माझ्याकडे बघत बसलाय.

पुन्हा थांबले. या वेळी जास्त वेळ. आता मावशीच्या घरासमोर यायला थोडंच राहिलंय आणि तिथेच चढ सगळ्यात उभा आहे. मला वाटतंय आता ते वळतील. नाही. उभेच आहेत. भिंतीला टेकलेही नाहीत.

वरच्या गॅलरीत तू आहेस. हातात काहीतरी आहे, चाळणी असावी. तू त्यांना बघितलंस. बघितलंस ना? आत गेलीस. तू आत का गेलीस?

बाबांनी वर बघितलं, पण तेव्हा तू नव्हतीस. आता ते वर बघत नाहीत. छत्री दुसऱ्या हातात घेतली. खानावळवाला आता माझ्या शेजारी येऊन उभा आहे आणि विचारतोय, "कोण येणार होतं?" त्याला काय सांगू?

दार उघडलं. तू खाली आलीस. चाळणी तशीच हातात. त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर उभी राहिलीस, जणू रस्ता विचारणारा कुणी आहे. तू काहीतरी विचारलंस. इथवर ऐकू येत नाही. बाबा काहीच बोलत नाहीयेत. बोला ना. मी इथे पेन चावतेय आणि हा माणूस बाबांच्या नावाने माझ्यासमोर उसासे टाकतोय.

छत्री खाली ठेवली. पिशवी खाली ठेवली.

आई, बाबांनी वाकून पँटचा पाय वर केला. गुडघ्यापर्यंत. भर रस्त्यात, जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर, आपला तो माणूस उघडी पोटरी घेऊन उभा आहे आणि बोटाने तुला दाखवतोय, इथून इथपर्यंत. आणि बोलतोय. बराच बोलतोय.

तू चाळणी भिंतीवर ठेवलीस आणि त्यांच्या पायाशी बसलीस.

माझी परतीची बस आली.